प्लॅब-2 ची तयारी: अभिनेता-पेशंटसमोरच्या आठ मिनिटांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्लॅब म्हणजे परदेशात शिकलेल्या डॉक्टरांनी ब्रिटनमधल्या नोंदणीसाठी द्यायची परीक्षा. तिचा पहिला भाग लेखी, दुसरा प्रात्यक्षिक, आणि तो मँचेस्टरला होतो. एमबीबीएस झालेले, प्लॅब-1 सुटलेले आणि आता मँचेस्टरची तारीख घेऊन बसलेले मराठी डॉक्टर जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. फी, तारखा आणि कागदपत्रांचे नियम बदलत राहतात. त्यासाठी ही परीक्षा घेणाऱ्या ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलचं संकेतस्थळच पाहा, मित्राचा जुना मेसेज नको.

ही परीक्षा नेमकी कशी असते?

एकूण 16 प्रसंग (यांनाच स्टेशन म्हणतात), प्रत्येक आठ मिनिटांचा. दोन प्रसंगांच्या मधे दारावरची सूचना वाचायला दीड मिनिट. आत कधी अभिनेता पेशंट होऊन बसलेला असतो, कधी पेशंटची मुलगी, कधी नर्स, कधी वैद्यकीय विद्यार्थी. काही ठिकाणी मॅनिकिन, म्हणजे सरावाचा प्लास्टिकचा पुतळा असतो, काही ठिकाणी फक्त फोन. परीक्षक बाजूला बसतो आणि बहुतेक वेळा बोलत नाही. तुमच्याकडून अपेक्षा असते ती फाउंडेशन प्रोग्रॅमचं (ब्रिटनमधल्या पदवीनंतरच्या दोन वर्षांच्या प्रशिक्षणाचं) दुसरं वर्ष सुरू करणाऱ्या डॉक्टरची, म्हणजे वॉर्डात सुरक्षितपणे काम करू शकणाऱ्या आणि अडलं तर वरिष्ठांना बोलावणाऱ्या माणसाची. कन्सल्टंट होऊन दाखवायची गरज नाही.

2024 पासून प्लॅबचा अभ्यासक्रम ब्रिटनच्या मेडिकल लायसन्सिंग असेसमेंट या परीक्षेच्या कंटेंट मॅपला, म्हणजे विषयांच्या यादीला जोडलेला आहे. तिथले विद्यार्थी आपापल्या विद्यापीठात ज्या धर्तीची क्लिनिकल परीक्षा देतात, त्याच धर्तीची ही आहे. कंटेंट मॅप फुकट उपलब्ध आहे, आणि तरीही लोक तो न वाचता कुणाच्या तरी नोट्सच्या पीडीएफ गोळा करतात.

आमच्या एमबीबीएसच्या प्रॅक्टिकलपेक्षा यात वेगळं काय?

जवळजवळ सगळंच. आपल्याकडे लाँग केसमधे पेशंट खरा असतो, पण परीक्षा असते ती परीक्षकांसमोर. हिस्ट्री घेतानाचं, म्हणजे त्रासाची विचारपूस करतानाचं तुमचं वागणं सहसा कुणी पाहत नाही. पाहिलं जातं ते केस प्रेझेंट करणं आणि त्यानंतरचा व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा. चतुर मुलं पेशंटलाच विचारून घेतात की सकाळच्या बॅचला सरांनी काय विचारलं. वॉर्डातला जुना पेशंट तर स्वतःहून सांगतो, ‘डॉक्टर, माझी प्लीहा वाढलेली आहे, इथे हात लावा.’

प्लॅबमधे प्रेझेंटेशन नाही, व्हायवा नाही. बोलता बोलता जे घडतं तीच परीक्षा. तुमच्या डोक्यात निदान बरोबर असेल, पण ते पेशंटला समजेल असं सांगितलं नसेल, तर परीक्षकाच्या लेखी ते झालेलंच नाही.

या पद्धतीची सुरुवात जुनी आहे. अमेरिकेत हॉवर्ड बॅरोज यांनी 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला निरोगी माणसांना शिकवून ‘पेशंट’ बनवलं. वेगवेगळ्या स्टेशनांवर ठरलेल्या वेळात फिरायची ऑस्की परीक्षा रोनाल्ड हार्डन आणि सहकाऱ्यांनी स्कॉटलंडमधल्या डंडी इथून 1975 मधे मांडली. अडचण दोघांच्या डोळ्यांसमोर साधारण एकच होती: एकाला सोपी केस, दुसऱ्याला अवघड केस आणि तिसऱ्याला न बोलणारा पेशंट मिळाला, तर गुणांना अर्थ राहत नाही. भारतात 2019 च्या नव्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद शिकवणारं एटकॉम मोड्यूल आलं आणि संवाद हा विषय कागदावर तरी शिरला. त्याआधी शिकलेल्यांना मात्र हे सगळं इंटर्नशिपमधे जसं जमेल तसंच शिकावं लागलं.

मार्क कसे देतात?

प्रत्येक प्रसंगाला तीन भाग: माहिती काढणं आणि तपासणं, पुढचे उपचार आणि नियोजन, आणि माणसाशी वागणं. प्रत्येक भागाला चार, म्हणजे एका प्रसंगाला 12 गुण. याशिवाय परीक्षक तुमच्याबद्दल एकूण मत नोंदवतो. त्या मतांवरून आणि सगळ्या उमेदवारांच्या गुणांवरून त्या दिवसाच्या प्रसंगांची पासाची रेषा ठरते. म्हणून ‘अमुक टक्के पडले की पास’ असा आकडा आधी कुणीच सांगू शकत नाही. एकूण गुण पुरेसे हवेत आणि किमान ठरलेले प्रसंगही पास व्हायला हवेत. पाच प्रसंगांत कमाल करून बाकीचे ढिले सोडले तर भागत नाही.

तिन्ही भागांना सारखं वजन आहे, हे बऱ्याच जणांच्या लक्षात उशिरा येतं. आपण सात मिनिटं हिस्ट्री घेतो आणि उपचारांचं शेवटच्या मिनिटात गुंडाळतो. चारपैकी चार एकीकडे, शून्य दुसरीकडे.

दाराबाहेरच्या दीड मिनिटात काय करायचं?

तीन गोष्टी शोधा. मी कुठे आहे (जीपी म्हणजे फॅमिली डॉक्टरची खोली, अपघात विभाग की वॉर्ड), समोर कोण आहे, आणि मला काय करायला सांगितलंय. तिसरी सर्वांत महत्त्वाची. ‘रुग्णाच्या मुलीशी बोला आणि तिच्या शंकांना उत्तर द्या’ असं लिहिलेलं असताना लोक आत जाऊन मुलीला आईची पूर्ण हिस्ट्री विचारत बसतात. निदानांची लांब यादी मनात लावू नका. पहिलं वाक्य ऐकल्यावर त्यातली निम्मी नावं तशीही गळतात.

समोरचा माणूस अभिनेता आहे हे माहीत असताना नैसर्गिक कसं बोलायचं?

अभिनेत्याला एक कागद दिलेला असतो. त्यात सुरुवातीचं वाक्य ठरलेलं, विचारलं तरच सांगायच्या गोष्टी ठरलेल्या, आणि एखादी काळजी ठेवलेली, जी योग्य जागा मिळाली की बाहेर येते. तो तुम्हाला फसवायला बसलेला नाही. खोटा धागाही तो देत नाही. तो जे काही करतो, नजर खाली घालतो, मधेच थांबतो, ‘तसं काही विशेष नाही’ म्हणतो, ते बहुतेक वेळा कागदावर असतं म्हणून करतो. खऱ्या ओपीडीत पेशंट इकडेतिकडे बघतो कारण बाहेर रिक्षा थांबलेली असते. इथे बघतो तेव्हा सहसा विचारायला हवं.

समजा, पंचेचाळिशीचा गृहस्थ डोकेदुखी घेऊन आलाय. तुम्ही दुखण्याची जागा, सुरुवात, प्रकार, उलट्या, उजेडाचा त्रास असं ओळीने विचारता. तो नीट उत्तरं देतो आणि मधेच म्हणतो, ‘हे एवढ्यात जरा जास्तच मनावर घेतलंय मी.’ यादीवाला डॉक्टर म्हणतो, ‘बरं, ताप आहे का?’ ऐकणारा विचारतो, ‘मनावर का घेतलंय?’ मग कळतं की भाऊ दोन महिन्यांपूर्वी मेंदूतल्या रक्तस्रावाने गेला. आता पुढचं सगळं बोलणं बदलतं: कौटुंबिक इतिहास बदलतो, समजावण्याची पद्धत बदलते, ‘स्कॅन नको’ असं सांगायचं असेल तर ते कसं सांगायचं हेही बदलतं. पहिला डॉक्टर तिन्ही भागांत थोडेथोडे गुण घालवतो आणि बाहेर येऊन म्हणतो, ‘स्टेशन मस्त गेलं, सगळं विचारलं.’

‘आयडियाज, कन्सर्न्स, एक्स्पेक्टेशन्स’ विचारायलाच हवं ना?

हवं, पण एका दमात तीन प्रश्न म्हणून नको. ‘तुम्हाला काय वाटतं, कशाची काळजी वाटते, माझ्याकडून काय अपेक्षा आहे?’ असा एकत्र मारा केला की अभिनेता एकाच प्रश्नाचं उत्तर देतो आणि बाकी दोन वाहून जातात. शिवाय विचारलेल्याचं पुढे काहीतरी व्हायला हवं. पेशंट म्हणाला ‘मला कॅन्सरची भीती वाटते’, आणि शेवटी समजावताना तुम्ही कॅन्सरचं नावही काढलं नाही, तर तो प्रश्न विचारूनही वाया गेला.

सहानुभूतीची वाक्यं पाठ करावीत का?

‘आय अॅम सॉरी टू हिअर दॅट’ हे वाक्य वाईट नाही. नवऱ्याचा मृत्यू, पोटदुखी आणि हरवलेली चिठ्ठी, तिन्हींना एकाच सुरात म्हटलं की ते वाईट होतं. परीक्षक दिवसभर हेच ऐकत असतो. त्याऐवजी पेशंटने वापरलेला एखादा शब्द उचला. तो म्हणाला, रात्री झोप लागत नाही, तर झोपेबद्दलच एक वाक्य बोला. आणि कधीकधी गप्प बसा. वाईट बातमी सांगितल्यावर चार-पाच सेकंद शांत राहणं अनेकांना जमत नाही, हात लगेच टिश्यूच्या डब्याकडे जातो आणि तोंडातून पुढच्या उपचारांची माहिती सुटते.

आपल्याकडे ‘मावशी’, ‘काका’ म्हटलं की निम्मं काम होतं. तिथे तो आधार नाही. नाव विचारा, कसं संबोधलेलं आवडेल विचारा, आणि तेच नाव वापरा.

माझा उच्चार मराठी वळणाचा आहे. अडचण येईल?

उच्चारामुळे नाही, वेगामुळे येऊ शकते. घाबरलं की आपण भरभर बोलतो आणि वाक्याचा शेवट खातो. आयएलटीएस किंवा ओईटी या इंग्रजीच्या परीक्षेचा अडथळा तुम्ही आधीच ओलांडलेला असतो. इथे लागते ती छोट्या वाक्यांची, घरगुती इंग्रजी. ‘मायोकार्डियल इन्फार्क्शन’ऐवजी ‘हार्ट अटॅक’, ‘बिनाइन’ऐवजी ‘कॅन्सर नाही’. दोन वाक्यं झाली की थांबा आणि समोरच्याला विचारू द्या.

महाराष्ट्रात काम केलेल्या डॉक्टरला कुठे हमखास अडकायला होतं?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात, म्हणून उत्तर मोठं आहे.

पहिली जागा म्हणजे नातेवाईक. आपल्याकडे कॅन्सरचं निदान आधी मुलाला बाहेर बोलावून सांगतात आणि आईला काय सांगायचं ते मुलगा ठरवतो. ब्रिटनमधे माहिती पेशंटची असते. मुलगी विनवते, ‘आईला सांगू नका, ती खचेल.’ तिथे ‘ठीक आहे’ म्हणणं चूक, आणि ‘हा नियम आहे’ म्हणून तिला झटकणंही चूक. तिची भीती ऐकून घ्या, आईला किती जाणून घ्यायचंय हे आईलाच विचारू असं सांगा, आणि आईच्या परवानगीशिवाय तिचे तपशील मुलीला देऊ नका. पेशंटची निर्णयक्षमता हा विषय इथेच येतो. 2005 च्या मेंटल कपॅसिटी अॅक्टनुसार माहिती समजणं, ती लक्षात ठेवणं, तिचा सारासार विचार करणं आणि निर्णय कळवणं, या चार गोष्टी पाहायच्या असतात. हा कायदा इंग्लंड-वेल्सचा आहे, पण त्याची चौकट परीक्षेत उपयोगी पडते. सोळा वर्षांखालची मुलगी आईला न कळवता गर्भनिरोधक मागायला आली, तर 1985 च्या गिलिक निकालातून आलेली कसोटी लागते: तिला हा सल्ला आणि त्याचे परिणाम नीट समजतात का. इथे ‘आईला घेऊन ये’ म्हणाल तर स्टेशन तिथेच संपलं.

दुसरी जागा अँटिबायोटिकची. मुलाला तीन दिवस सर्दी, आईला औषध हवंय. आपल्या गल्लीतल्या दवाखान्यात नाही म्हटलं तर पेशंट समोरच्या दवाखान्यात जातो, म्हणून हात आपोआप लिहायला जातो. इथे नाही म्हणायचंय, पण आईला ऐकून घेतल्यासारखं वाटलं पाहिजे. ती चिडलेली असेल तर कारण असतं: बहुधा नोकरीत रजा नाही किंवा मागच्या वेळी कुणी मनावर घेतलं नव्हतं. काय झालं तर परत यायचं, हे नेमकं सांगा: पाणी पीत नसेल, श्वास भरभर चालत असेल, मूल पेंगत असेल. ‘काही वाटलं तर या’ याने काहीच कळत नाही.

तिसरी जागा दारू, लैंगिक आयुष्य आणि आत्महत्येचे विचार. चेहरा न बदलता हे विचारता आलं पाहिजे. ब्रिटनमधे दारू युनिटमधे मोजतात आणि आठवड्याला 14 युनिटांपेक्षा जास्त नको असा सल्ला देतात. आपल्याकडचा 60 मिलिलिटरचा मोठा पेग म्हणजे साधारण अडीच युनिट, हे एकदा हिशेब करून ठेवलं की अंदाज येतो. पॅरासिटामॉलचा ओव्हरडोस घेतलेल्या मुलीला ‘जगावंसं वाटत नाही असं झालं होतं का, अजून वाटतं का’ हे सरळ विचारा. गोळ्या किती, कधी, एकदम की थोड्याथोड्या, हे विचारून रक्तातली पातळी चार तासांनी पाहायची असते हेही माहीत हवं. तरीही अनेकांचं ते स्टेशन जातं ते चार तासांमुळे नाही, तर त्या न विचारलेल्या प्रश्नामुळे.

चौथी जागा गाडी. फिट आलेल्या किंवा टीआयए (तात्पुरता, छोटा पक्षाघात) झालेल्या माणसाला गाडी चालवू नका असं सांगणं आणि फिटच्या बाबतीत परवाना देणाऱ्या डीव्हीएलएला कळवायला सांगणं ही डॉक्टरची जबाबदारी आहे. पेशंट टॅक्सी चालवणारा निघाला, तर ती नुसती सूचना राहत नाही, त्याच्या पोटाचा प्रश्न होतो. बोलायची खरी जागा तीच.

शेवटची: तपासायच्या आधी परवानगी आणि नाजूक अवयवांच्या तपासणीला चॅपरोन, म्हणजे सोबत हजर राहणारी तिसरी व्यक्ती. हे वाक्य आपल्या ओपीडीत वापरायची सवय नसते, म्हणून मुद्दाम जिभेवर बसवावं लागतं.

औषधांचे डोस पाठ हवेत का?

तातडीचे हवेत. अॅनाफिलॅक्सिसमधे (जिवावर बेतणाऱ्या अॅलर्जीत) मोठ्या माणसाला मांडीत 0.5 मिलिग्रॅम अॅड्रिनलिन, हे आठवायला थांबायचं नसतं. बाकी ठिकाणी औषधाचा गट, मुख्य दुष्परिणाम आणि ‘वरिष्ठांशी बोलून ठरवू’ एवढं सहसा पुरतं. मात्र प्रत्येक गोष्ट वरिष्ठांवर ढकलणारा डॉक्टरही गुण गमावतो.

मॅनिकिनची स्टेशनं सोपी असतात ना?

हाताने सोपी, तोंडाने अवघड. कॅथेटर घालताना किंवा रक्त घेताना पुष्कळ जण प्लास्टिकशी बोलायला लाजतात. हात धुणं, ओळख पटवणं, संमती, सुई धारदार वस्तूंच्या डब्यात टाकणं, हे सगळं दिसलं पाहिजे. अत्यवस्थ पेशंटला ए ते ई क्रमाने (ए श्वासमार्ग, बी श्वसन, असं पुढे) तपासताना काय पाहताय ते मोठ्याने बोला आणि ए बिघडलेला असेल तर तो सावरल्याशिवाय बी कडे जाऊ नका.

सराव कुणाबरोबर करावा?

सोबत परीक्षा देणारा मित्र हवाच, कारण वेळ लावणं आणि चुका पकडणं त्याला जमतं. पण डॉक्टर मित्र पेशंट म्हणून वाईट असतो. तो हिस्ट्री पाठ्यपुस्तकाच्या क्रमाने देतो. तुम्ही ‘छातीत दुखणं कसं आहे?’ विचारलं की तो ‘डाव्या हातात पसरणारं, घामासकट’ म्हणून मोकळा होतो. असा पेशंट जगात नाही.

म्हणून आठवड्यातून एकदा तरी डॉक्टर नसलेल्या माणसाला बसवा. आत्या, शेजारचे निवृत्त मास्तर, बँकेत काम करणारी बहीण. त्यांना एका कागदावर पाच ओळी द्या आणि त्यातली एक ‘विचारलं तरच सांगायचं’ अशी ठेवा. सुरुवातीला हे मराठीतच करा. इंग्रजीची काळजी बाजूला गेली की स्वतःचं ऐकणं किती कच्चं आहे ते लख्ख दिसतं. ती ओळ मराठीतही बाहेर आली नाही, तर दोष इंग्रजीचा नव्हता. नंतर तोच प्रसंग इंग्रजीत करा. शेवटी आत्याला विचारा, ‘मी काय सांगितलं?’ तिने जे सांगितलं तेवढंच तुम्ही समजावलेलं असतं.

मोबाइलवर रेकॉर्डिंग करा आणि आवाज बंद करून एकदा पाहा. मान हलते का, कागदात डोकं घातलंय का, पेशंट बोलत असताना तोंड उघडलेलं आहे का, ते दिसतं.

अकॅडमी लावावी का?

लावणाऱ्यांचा मुख्य फायदा मॉक परीक्षा आणि सराव करणारी माणसं हा असतो. नोट्ससाठी पैसे घालवू नका. एकाच साच्यातली वाक्यं सगळ्यांना घोकून घेणारी अकॅडमी असेल तर सावध राहा, परीक्षकाला तो साचा दुसऱ्या उमेदवारापासूनच ओळखू येतो. ब्रिटनमधे आधीच काम करणारी ओळखीची मंडळी असतील तर त्यांच्याबरोबर व्हिडिओ कॉलवर सराव बरेचदा जास्त उपयोगी पडतो.

व्हिसा कोणता? कपडे काय घालायचे?

प्लॅबसाठी स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसा चालतो. कपडे वॉर्डात घालाल तसे, कोपरापर्यंत हात उघडे, घड्याळ काढलेलं. नवे बूट परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका, खोलीतून खोलीत फिरायचं असतं. हिवाळ्यात मँचेस्टरला संध्याकाळ चारलाच होते, त्यात प्रवासाचा शीण असतो, तेव्हा विमानाने उतरून दुसऱ्याच दिवशी परीक्षा ठेवू नका.

एक स्टेशन पूर्ण बिघडलं तर?

बिघडेलच, जवळजवळ प्रत्येकाचं बिघडतं. पुढच्या परीक्षकाला मागचं काही माहीत नसतं. नुकसान होतं ते तुम्ही ते स्टेशन डोक्यात घेऊन पुढच्या खोलीत गेलात तर. दारावरची सूचना हलक्या आवाजात वाचायला लागा, मागचं आपोआप मागे पडतं.

अमेरिकेला जायचं असेल तर अशीच परीक्षा असते का?

होती. यूएसएमएलई या अमेरिकेच्या परवाना-परीक्षेतला स्टेप 2 सीएस हा पेशंटसमोरचा टप्पा होता; ती परीक्षा 2020 मधे कोविडमुळे थांबली आणि जानेवारी 2021 मधे कायमची बंद झाली. जुन्या ब्लॉगवर तिच्या नोट्स अजून फिरतात. त्यातली हिस्ट्रीची तंत्रं उपयोगी आहेत, पण शेवटी पेशंट नोट टाइप करण्याचा भाग प्लॅबमधे नाही.

निकाल कधी लागतो? पास झाल्यावर लगेच नोकरी?

निकाल साधारण चार आठवड्यांत. पास झाल्यापासून दोन वर्षांच्या आत रजिस्ट्रेशनचा अर्ज मंजूर व्हायला हवा. नोकरी ही वेगळी लढाई आहे, आणि गेल्या काही वर्षांत परदेशी पदवीधरांसाठी ती बरीच कठीण झाली आहे. एकेका जागेला प्रचंड अर्ज येतात आणि ब्रिटनमधे काम केल्याचा अनुभव मागितला जातो. तेव्हा प्लॅब-2 पास झाल्याचा ईमेल आला म्हणून इथली रेसिडेन्सी किंवा नोकरी सोडू नका. हातात ऑफर लेटर आल्यावरच सोडायचा विचार करा.